कथेतील मौन आणि चित्रपटाचा पडदा



माणसाला सत्य समजावून सांगण्याचे अनेक मार्ग आहेत. आज्ञा हा एक मार्ग आहे, युक्तिवाद हा दुसरा, आणि कथा हा तिसरा. अल्लाहने आपल्या अंतिम ग्रंथात हे तिन्ही मार्ग वापरले असून पूर्वीच्या प्रेषितांच्या वृत्तांतांना त्यात फार मोठे स्थान दिले आहे. हजरत आदम, नूह, इब्राहीम, यूसुफ, मूसा, दाऊद, सुलैमान आणि ईसा (अलैहिमुस्सलाम) ही नावे आपल्या घरांत सलामाशिवाय उच्चारली जात नाहीत. हीच नावे ज्यू आणि ख्रिस्ती बांधवांच्या ग्रंथांतही आहेत. म्हणून हॉलिवूडचा एखादा दिग्दर्शक ‘बायबलची कथा’ म्हणून चित्रपट काढतो, तेव्हा तो आपल्याशी संबंध नसलेली गोष्ट सांगत नसतो. ज्यांच्यावर ईमान राखल्याशिवाय आपले ईमान पूर्ण होत नाही, त्या महापुरुषांविषयी तो बोलत असतो.

अशा चित्रपटांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा एकाच प्रश्नापाशी थांबते: प्रेषितांची भूमिका नटाने करावी काय, आणि चित्रपटावर बंदी हवी काय? हा प्रश्न महत्त्वाचाच आहे, आणि बहुसंख्य उलेमांचे त्यावरील मत सर्वांना ठाऊक आहे. परंतु बंदी जाहीर झाली तरी चित्रपट आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलवर पोहोचतो. तेथे दुसरा, अधिक खोल प्रश्न उभा राहतो. पडद्यावर गेल्यावर त्या कथेचे नेमके काय होते? ती कथा आपल्याला जे विचारण्यासाठी सांगितली गेली होती, ते विचारणे ती चालू ठेवते काय? या लेखात आपण या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करू.

पडदा आणि धर्मकथा यांचे जुने नाते

चित्रपटकला जन्मापासूनच धर्मकथेच्या आधाराने वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे चित्रपटाच्या अगदी बाल्यावस्थेत, युरोपात हजरत ईसा (अ.स.) यांच्या जीवनावर ख्रिस्ती समजुतीनुसार छोटे मूकपट निघू लागले होते. ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ नावाचा असाच एक मूकपट 1910-11 च्या सुमारास मुंबईत दाखवला गेला. तो पाहणाऱ्यांमध्ये त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके होते. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंसमोर मात्र राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. 1913 साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. आपल्या देशातील चित्रपटसृष्टीचा उगम शोधत गेल्यास वाटेत बायबलवरील एक चित्रपट लागतो तो असा.

या घटनेतून आपल्या विषयापुरती एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चित्र पाहणारा मनुष्य कोरा राहत नाही. ऐकलेली कथा मनात अनेक रूपांनी राहू शकते. पाहिलेली कथा एकाच रूपात घट्ट बसते. चित्राचे हे सामर्थ्य फाळके यांनी ओळखले होते. आपल्यालाही ते ओळखावे लागेल, कारण आपली मुले वाचण्यापूर्वी पाहू लागली आहेत.

रिकाम्या जागा कोण भरतो?

धर्मग्रंथातील कथा संक्षिप्त असते. चित्रपटाला मात्र दोन-तीन तास भरायचे असतात. पात्र काय नेसले होते, कोणाकडे पाहून हसले, रात्री कशाने अस्वस्थ झाले, हे सर्व त्याला दाखवावेच लागते. ग्रंथ जेथे गप्प राहतो तेथे चित्रपटाला बोलावे लागते. म्हणून धार्मिक चित्रपटाचे परीक्षण करताना प्रथम हे पाहावे की ही रिकामी जागा त्याने कशाने भरली आहे.

सेसिल बी. डेमिल यांचा ‘द टेन कमांडमेंट्स’ (1956) हा या प्रकारातील सर्वांत गाजलेला चित्रपट. बायबलच्या ‘निर्गम’ या ग्रंथात बालक मूसा राजवाड्यात पोहोचतात आणि लगेच पुढच्या ओळीत ते मोठे झालेले दिसतात. मधल्या वर्षांविषयी ग्रंथ काही सांगत नाही. चित्रपटाच्या आरंभी डेमिल स्वतः पडदा सारून प्रेक्षकांसमोर येतात आणि फायलो व जोसेफस या प्राचीन लेखकांच्या आधारे ही वर्षे भरल्याचे सांगतात. प्रत्यक्षात त्या जागेचा मोठा भाग एका राजकन्येने आणि तिच्यासाठी चाललेल्या मूसा व रॅमसीस यांच्या चढाओढीने व्यापला आहे. बायबलमध्ये या प्रेमकथेचा मागमूस नाही. त्याच प्रास्ताविकात डेमिल असा प्रश्न टाकतात की माणसांवर ईश्वराच्या कायद्याची सत्ता चालावी की एखाद्या हुकूमशहाच्या लहरीची. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत हा हुकूमशहा कोणत्या देशात बसला आहे, हे अमेरिकी प्रेक्षकाला वेगळे सांगण्याची गरज नव्हती. फिरऔनचा दरबार इजिप्तमधला होता. वाद मात्र वॉशिंग्टन आणि मॉस्कोमधला होता.

1998 साली ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ हा ॲनिमेशनपट आला. त्याने आरंभीच प्रेक्षकांना सांगून टाकले की कथेत कलात्मक स्वातंत्र्य घेतले आहे. येथे कथेचा गाभा दोन भावांच्या ताटातुटीचा झाला: एकत्र वाढलेले मूसा आणि रॅमसीस, आणि कर्तव्यामुळे तुटलेले त्यांचे प्रेम. यात एक लक्षणीय तपशील आहे. बायबलनुसार नदीतील बालक फिरऔनच्या मुलीला सापडते. या चित्रपटात ते राणीला सापडते. कुरआनमध्येही त्या बालकाला मारू नका असे सांगणारी फिरऔनची पत्नीच आहे (सूरह कसस : 9). चित्रपटकारांना येथे दोन मुलांचे भावाभावाचे नाते जुळवणे सोयीचे होते. म्हणजे चित्रपटातील एखादी गोष्ट आपल्या ग्रंथाशी जुळली, एवढ्यावरून ती आपल्या ग्रंथाच्या आदरापोटी आली असे समजू नये, आणि जुळली नाही म्हणून ती द्वेषापोटीच आली असेही समजू नये.

2014 साली रिडली स्कॉट यांनी ‘एक्झोडस : गॉड्स अँड किंग्ज’ काढला. त्यात मूसा हे प्रथम एक लढवय्ये सेनानी आहेत. ईश्वरी संदेश त्यांना एका लहान मुलाच्या तोंडून मिळतो आणि समुद्र एखाद्या नैसर्गिक उलथापालथीप्रमाणे ओसरतो. समुद्रकिनारी वाट खुंटली तेव्हा या चित्रपटातील मूसा निराश होऊन आपली तलवार पाण्यात फेकून देतात. आता हाच क्षण सूरह शुअरामध्ये पाहा (आयती 61 ते 63). पाठीमागे फिरऔनचे सैन्य आणि पुढे पाणी पाहून सोबतचे लोक म्हणतात की आपण सापडलो. हजरत मूसा (अ.स.) मात्र ठामपणे सांगतात की असे होणार नाही, माझा पालनकर्ता माझ्याबरोबर आहे आणि तो मला मार्ग दाखवील. त्यानंतर काठीचा प्रहार होतो आणि समुद्र दुभंगतो. पाणी दोन्हीकडे हटते. पण एकीकडे ते निराशेनंतर हटते, तर दुसरीकडे विश्वासानंतर. कथेचा सारा अर्थ या एका फरकात आहे.

नूह (अ.स.) यांची कथा: दोन मांडण्या

हा फरक अधिक स्पष्टपणे पाहायचा असेल तर डॅरेन ॲरोनोफ्स्की यांचा ‘नोआ’ (2014) विचारात घ्यावा. प्रदर्शनापूर्वी जामिया अल-अझहरने त्याला विरोध केला. कतार, बहरीन, संयुक्त अरब अमिरात, इंडोनेशिया आणि मलेशिया येथे तो रोखला गेला. अमेरिकेत अनेक ख्रिस्ती प्रेक्षकही नाराज होते. अखेर चित्रपटसंस्थेला आपल्या जाहिरातीत असे नमूद करावे लागले की हा चित्रपट त्या कथेवरून स्फुरलेला असून त्यात कलात्मक स्वातंत्र्य घेतलेले आहे.

हा चित्रपट उथळ नव्हता, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. पृथ्वीची नासधूस करणाऱ्या मानवाविषयीची त्याची चिंता खरी आहे. नौकेचा प्रचंड सांगाडा त्यांनी बायबलमध्ये दिलेल्या मापांचा आधार घेऊन उभारला. परंतु लाकडाचे माप सांभाळले गेले आणि माणसाचे माप बदलले. या चित्रपटातील नोआला स्वप्ने पडतात, पण स्पष्ट संदेश मिळत नाही. त्या स्वप्नांचा अर्थ लावताना तो अशा निष्कर्षाला येतो की मानववंश आपल्या कुटुंबासह संपावा अशीच निर्मात्याची इच्छा आहे. नौकेवर सुनेला जुळ्या मुली होतात, तेव्हा त्या तान्ह्या नातींना ठार करण्यासाठी तो सुरी उचलतो. शेवटी त्याचा हात चालत नाही. बायबलमध्ये यातील काहीही नाही.

मग ही कल्पना आली कोठून? बायबलच्या ‘उत्पत्ती’ ग्रंथात जलप्रलय ओसरेपर्यंत नूह यांच्या तोंडी एकही वाक्य नाही. ते आज्ञा ऐकतात, नौका बांधतात आणि तिच्यात चढतात. आधुनिक दिग्दर्शकाला या मौनात एक प्रश्न दिसला: सारे जग बुडत असताना हा मनुष्य गप्प कसा राहिला? त्याच्या मनात काय चालले असेल? प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याचे उत्तर त्याने आपल्या काळाच्या शंकेतून दिले आणि एका प्रेषिताला भ्रमाच्या काठावर उभे केले.

कुरआनमधील हजरत नूह (अ.स.) मूक नाहीत. सूरह नूह ही त्यांच्या बोलण्यानेच भरलेली आहे. आपण लोकांना रात्रंदिवस हाक दिली, जाहीरपणे समजावले आणि खासगीतही समजावले, असे ते आपल्या पालनकर्त्यापुढे मांडतात. लोकांनी मात्र कानांत बोटे घातली आणि अंगावर कपडे ओढून घेतले (71 : 5-9). पन्नास वर्षे कमी एक हजार वर्षे ते आपल्या लोकांत राहिले (29 : 14). नौका बांधताना जाणारे-येणारे सरदार त्यांची थट्टा करीत (11 : 38). पर्वताएवढ्या लाटांतून ते आपल्या मुलाला हाक मारतात; मुलगा डोंगराचा आसरा घेण्याची भाषा करतो आणि दोघांच्या मध्ये लाट येते (11 : 42-43). पुढे या मुलासाठी ते अल्लाहकडे विनवणी करतात, तेव्हा त्यांना समज दिली जाते आणि ते तत्काळ क्षमा मागतात (11 : 45-47).

वाचकहो, येथे वेदना कमी आहे असे कोण म्हणेल? पित्याच्या डोळ्यांदेखत मुलगा बुडण्याहून मोठे दुःख कोणता पटकथाकार लिहिणार? फरक वेदनेच्या असण्या-नसण्यात नाही. फरक दोष कोणाच्या पदरात टाकला आहे यात आहे. चित्रपटात अल्लाहचा संदेश अस्पष्ट आहे, म्हणून प्रेषित चुकतो आणि प्रेक्षक त्याच्या चुकीचा न्यायनिवाडा करतो. कुरआनमध्ये संदेश स्पष्ट आहे; ऐकणाऱ्यांनीच कानांत बोटे घातली आहेत. चित्रपटगृहात आपण न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसतो आणि प्रेषित आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात. कुरआन वाचताना पिंजऱ्यात आपण उभे असतो आणि आपल्याला विचारले जाते की तुमची बोटे कोठे आहेत?

माझ्या मते आधुनिक चित्रपटाने प्रेषितांच्या कथेत केलेला सर्वांत मोठा बदल हा आहे. दगडी देहाचे फरिश्ते किंवा उसनी प्रेमकथा या त्या मानाने लहान गोष्टी आहेत. आजच्या नाटकाचा नियम असा की नायकाच्या मनात शंका हवी, त्याने चुकावे, पडावे आणि शेवटी बदलावे. सामान्य माणसाच्या कथेसाठी हा नियम उपयुक्तही असेल. पण प्रेषिताची कथा त्याच्या बदलण्याची कथा नसते. ती त्याला ऐकणाऱ्यांच्या बदलण्याची किंवा न बदलण्याची कथा असते. प्रेषितालाच कथेचा प्रश्न बनवले की श्रोता सुटतो.

कुरआनचे मौन

कुरआनही सर्व तपशील सांगत नाही. फिरऔनचे नाव तो सांगत नाही. यूसुफ (अ.स.) यांना मोहात पाडू पाहणाऱ्या स्त्रीचे नाव तो सांगत नाही. गुहेत झोपलेल्या तरुणांची संख्या तीन, पाच की सात, यावर लोक वाद घालतील हे तो स्वतःच सांगतो आणि या वादात खोल शिरू नका असा आदेश देतो (18 : 22). सूरह यूसुफच्या शेवटच्या आयतीत या कथांचे प्रयोजन सांगितले आहे: या रचलेल्या गोष्टी नाहीत, आणि विवेकी माणसांसाठी त्यांत बोध आहे.

हे मौन उणीव म्हणून राहिलेले नाही. जो तपशील बोधाला लागत नाही तो सोडून दिल्यामुळे फिरऔन एका कालखंडात अडकत नाही. नाव नसल्यामुळे तो प्रत्येक युगातील जुलमी सत्ताधारी ठरू शकतो, आणि थोड्या अधिकारावर बसलेला तुमच्या-माझ्यासारखा मनुष्यही ठरू शकतो. चित्रपटाने त्याला एका नटाचा चेहरा आणि विशिष्ट पोशाख दिला की तो हजारो वर्षांपूर्वीचा एक परका राजा होऊन बसतो. मग त्याला पाहताना आपल्याला स्वतःची आठवण येत नाही.

आपल्या घरातील भर

येथे केवळ इतरांकडे बोट दाखवून थांबणे योग्य होणार नाही. रिकाम्या जागा भरण्याचा मोह आपल्यालाही जुना आहे. इस्लामच्या आरंभीच्या शतकांतच मशिदींतून कथा रंगवून सांगणारे लोक होते, आणि ज्यू-ख्रिस्ती परंपरेतील असंख्य तपशील ‘इस्राईलियात’ या नावाने आपल्या ग्रंथांत आले. बनी इस्राईलकडून आलेल्या गोष्टी सांगण्यास पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हरकत घेतली नाही, मात्र ग्रंथधारकांना खरेही ठरवू नका आणि खोटेही ठरवू नका, अशी शिकवण त्यांनी दिली. दोन्ही गोष्टी सहीह बुखारीत आल्या आहेत. इमाम इब्ने कसीर (निधन 1373) यांनी आपल्या तफसीरच्या प्रस्तावनेत अशा गोष्टींचे तीन भाग केले: आपल्या ग्रंथाने ज्यांना दुजोरा दिला त्या, आपल्या ग्रंथाशी ज्या विसंगत आहेत त्या, आणि ज्यांविषयी आपला ग्रंथ गप्प आहे त्या. तिसऱ्या प्रकाराची उदाहरणे देताना त्यांनी गुहेतील तरुणांच्या कुत्र्याचा रंग आणि मूसा (अ.स.) यांची काठी कोणत्या झाडाची होती, हे प्रश्न सांगितले. या माहितीने ना धर्मात भर पडते, ना जीवनात.

आपल्या काळातील उदाहरण घ्यायचे तर 2008 साली इराणच्या दूरचित्रवाणीवर आलेली यूसुफ (अ.स.) यांच्यावरील मालिका पाहा. उर्दू भाषांतरामुळे ती भारतातील कितीतरी मुस्लिम घरांत पोहोचली आणि आवडीने पाहिली गेली. तिच्यात जुलेखाला वृद्धापकाळी पुन्हा तारुण्य लाभते आणि तिचा यूसुफ (अ.स.) यांच्याशी विवाह होतो. कुरआनमध्ये ही घटना नाही. ती पुढील काळातील कथा-काव्यांच्या परंपरेतून आली आहे. कुरआनमध्ये त्या स्त्रीची कहाणी तिच्या कबुलीपाशी येऊन थांबते: दोष माझा होता आणि तो सत्यवचनी आहे (12 : 51). कबुली हा नैतिक शेवट आहे. विवाह हा नाटकाचा शेवट आहे. परक्यांनी घातलेली कडू भर आपल्याला लगेच खुपते, पण आपल्यांनी घातलेली गोड भर आपण आनंदाने गिळतो. सत्याच्या दृष्टीने दोन्ही भरच आहेत.

चेहरा का नको?

प्रेषितांचे चित्रण नको, हा बहुसंख्य उलेमांचा निर्णय अनेक तरुणांना केवळ एक कडक नियम वाटतो. त्यामागील विवेक त्यांना समजावून सांगितला पाहिजे. मूर्तिपूजेकडे नेणारी वाट बंद करणे हे पहिले कारण सर्वज्ञात आहे. दुसरे कारण असे की नटाचा चेहरा प्रेषिताच्या नावावर कायमचा चिकटतो. आज त्या भूमिकेत दिसलेला नट उद्या दुसऱ्या चित्रपटात गुन्हेगार किंवा विदूषक म्हणून दिसतो. मग सलाम म्हणताना कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे येईल?

मुस्तफा अक्काद यांनी ‘द मेसेज’ (1976) काढताना ही मर्यादा स्वीकारली. अंतिम पैगंबर (स.) पडद्यावर दिसत नाहीत आणि त्यांचा आवाजही ऐकू येत नाही, इतर पात्रे कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात. तरीही चित्रपटाला तीव्र विरोध झाला. मार्च 1977 मध्ये वॉशिंग्टन शहरात एका सशस्त्र गटाने शंभरहून अधिक लोकांना ओलीस धरले. हा चित्रपट थांबवावा, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. त्या प्रकारात एका तरुण पत्रकाराचा जीव गेला. ज्या चित्रपटात पैगंबर (स.) दिसतच नाहीत, त्याच्या निमित्ताने त्यांच्याच नावावर निरपराध रक्त सांडले गेले. पुढे 2005 साली अम्मानमधील आत्मघाती स्फोटांत स्वतः अक्काद आणि त्यांची मुलगी मृत्युमुखी पडले. बातमीची शहानिशा करा, नाहीतर अज्ञानाने कोणाला इजा करून बसाल आणि पश्चात्ताप कराल, असे सूरह हुजुरातमध्ये बजावले आहे (49 : 6). प्रेषितांच्या सन्मानाचे रक्षण त्यांची शिकवण मोडून होऊ शकत नाही.

न्यायाचे एकच माप

आणखी एका गोष्टीवर आपण स्वतःला तपासले पाहिजे. 2004 साली मेल गिब्सन यांचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ आला. त्यात हजरत ईसा (अ.स.) यांची भूमिका नटाने केली आहे, आणि त्यांच्या वधस्तंभावरील मृत्यूचे अत्यंत रक्तरंजित चित्रण आहे. कुरआनने ही घटना स्पष्ट शब्दांत नाकारली आहे (4 : 157). म्हणजे चित्रण आणि आशय या दोन्ही बाबतींत आपला आक्षेप असायला हवा होता. तरीही इजिप्त, कतार, लेबनॉन अशा देशांत तो दाखवला गेला. दहा वर्षांनी त्याच कतारमध्ये ‘नोआ’ रोखला गेला. गिब्सन यांच्या चित्रपटावर ज्यूविरोधी असल्याची टीका जगभर होत होती. ज्यांच्याशी राजकीय वैर आहे त्यांना तो बोचतो, म्हणून तर आपला आक्षेप मवाळ झाला नाही ना? कोणाच्या मनात काय होते हे अल्लाहच जाणतो. पण हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारण्यासारखा आहे. कारण एखाद्या समाजाविषयीच्या वैराने तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, अशी आज्ञा आहे (5 : 8).

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. 2006 साली ‘द दा विंची कोड’ या चित्रपटाने ख्रिस्ती समाज दुखावला आणि त्याने निषेध केला, तेव्हा मुंबईतील काही मुस्लिम धर्मगुरूंनीही त्याला पाठिंबा दर्शवला. ईसा (अ.स.) आमचेही प्रेषित आहेत, ही त्यामागील भावना होती. प्रेषितांमध्ये भेद न करणे म्हणजे काय, हे अशा प्रसंगी शेजाऱ्याला दिसते.

मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट, कथा घरात आधी सांगितली जावी. ज्या मुलाने आईच्या किंवा दादीच्या तोंडून नूह (अ.स.) यांची मुलाला दिलेली हाक ऐकली आहे, त्याला पडद्यावरची सुरी खोटी आहे हे कोणी सांगावे लागणार नाही. ज्याने काहीच ऐकलेले नाही, त्याच्यासाठी पडदा हाच ग्रंथ होतो. आपण रिकामी ठेवलेली जागा कोणीतरी भरणारच. त्यानंतर भरणाऱ्याला दोष देत बसण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, सांगताना सीमा स्पष्ट ठेवाव्यात. हे कुरआनने सांगितले, हे सहीह हदीसमध्ये आहे, हे बायबलमध्ये आहे, आणि हे केवळ लेखकाच्या किंवा दिग्दर्शकाच्या कल्पनेतील आहे, असे वेगवेगळे सांगण्याची सवय मोठ्यांनी लावून घ्यावी. कथा रंगतदार व्हावी म्हणून आपण स्वतःही तिच्यात भर घालू नये. मुलाने विचारलेला तपशील ग्रंथात नसेल तर ‘अल्लाहने हे सांगितलेले नाही’ एवढे उत्तर पुरेसे आहे. त्या उत्तराने मुलाचा विश्वास कमी होत नाही. ग्रंथाचा शब्द आणि माणसाचा शब्द यांतील अंतर त्याला कळू लागते.

तिसरी गोष्ट, मोठ्या मुलांशी अशा चित्रपटांविषयी बोलणे टाळू नये. चित्रपटाने काय जोडले, काय गाळले, संकटाच्या क्षणी प्रेषिताच्या तोंडी कोणते शब्द घातले, आणि पाहणाऱ्याला कोठे बसवले, हे चार प्रश्न त्यांना शिकवावेत. हे प्रश्न विचारू शकणारा तरुण कोणत्याही पडद्यापुढे असहाय राहत नाही.

आणि शेवटची गोष्ट आपल्या स्वतःविषयी आहे. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका. कान, डोळे आणि अंतःकरण या प्रत्येकाविषयी जाब विचारला जाणार आहे, असे सूरह बनी इस्राईलमध्ये सांगितले आहे (17 : 36). त्या दिवशी दिग्दर्शकाला त्याच्या चित्रपटाविषयी विचारले जाईल. आपल्याला मात्र हे विचारले जाईल की नूह (अ.स.) यांची हाक तुमच्यापर्यंत पोहोचली होती, तेव्हा तुम्ही काय केले, आणि ती तुमच्या मुलांपर्यंत तुम्ही पोहोचवली काय?

अल्लाह आपल्याला त्याच्या सर्व प्रेषितांचा खरा आदर करण्याची, त्यांचा संदेश कान उघडे ठेवून ऐकण्याची आणि तो जसा आहे तसा पुढच्या पिढीच्या हाती देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.